तळव्यावरचं ‘कुरूप’ दीड वर्ष जात नाही

पत्र:

डॉक्टर मॅडम, सा. न. वि. वि. आम्ही वाळवा तालुक्यातले. सासूबाई ६८ वर्षांच्या. सगळा जन्म रानात गेला, त्यातही बराचसा अनवाणी. दीड वर्षापूर्वी त्यांच्या डाव्या टाचेच्या कडेला तिळाएवढा काळा ठिपका दिसला. आता तो रुपयाच्या नाण्याएवढा झालाय. मधे खरवडल्यासारखं दिसतं, कधीकधी चिघळतं. कुरूप समजून कॉर्न कॅप लावली, गावातल्या एकाने ब्लेडने तासून दिलं, रुईचा चीकही घालून झाला. जात नाही. दुखत नाही म्हणून त्याही मनावर घेत नाहीत. नणंदेचा मुलगा मेलबर्नला असतो. त्याच्या ऑफिसातल्या एका गोऱ्या माणसाच्या नाकावरची पुटकुळी काढली, ती स्किन कॅन्सर निघाली. त्याला आजीच्या पायाचा फोटो पाठवला तर म्हणाला, “मामी, तो गोऱ्यांचा आजार. उन्हाने होतो. तळव्याला कुठलं ऊन लागतंय?” मिस्टरांनाही ते पटलं. माझ्या गालावर लहानपणापासून केसाळ तीळ आहे, तो काढून टाक म्हणून बहीण मागे लागली आहे. आणि जाऊबाईंच्या आईची पोटरी लहानपणी चुलीत भाजली होती, तो व्रण इतक्या वर्षांनी फुटलाय आणि चार महिने भरत नाही. हेही तुम्हाला विचारून टाकते. तपासायला तुकडा काढला की कॅन्सर खवळतो म्हणतात, ते खरं का?
— एक वाचक, जि. सांगली

ताई,

आधी काम सांगते, कारणं मागून. सासूबाईंना याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तुम्हाला सांगली-मिरज जवळ आहे, तिथल्या सरकारी रुग्णालयातही दाखवता येईल. ऊसतोड संपू दे, लग्नसराई उरकू दे, असं करू नका. दीड वर्ष आधीच गेलंय.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते कुरुपाचं वर्णन नाही, एवढं सांगते. कुरूप पिवळसर आणि टणक असतं. तासलं की मधोमध काचेसारखा गाभा दिसतो आणि वरून दाबलं की माणूस कळवळतो. तळव्याला मस आला तर त्यात बारीक काळे ठिपके दिसतात, पण ते टाचणीच्या टोकाएवढे, आणि तासल्यावर तिथून रक्ताचे थेंब येतात. टाचेला मार बसून रक्त साकळलं तरी डाग काळा दिसतो, मात्र तो काही आठवड्यांत वर येतो आणि मेलेल्या कातडीबरोबर निघून जातो. तिळाचा रुपया होणारा, न दुखणारा आणि चिघळणारा काळा डाग यांपैकी कशातच बसत नाही.

न दुखण्यानेच घोटाळा होतो. आपल्याकडे ‘दुखत नाही ना? मग राहू दे’ हे निम्म्या आजारांचं निदान असतं. मीही एकदा तेच केलं. शिकाऊ होते, ओपीडीत दीडशे माणसं, आणि एका आजोबांचा पाय मी टेबलावर न घेता खुर्चीतूनच पाहिला. कुरूप म्हणून मलम लिहून दिलं. तीन महिन्यांनी ते परत आले तेव्हा जांघेत अवधाण आलेलं होतं. ते अवधाण जखमेचं नव्हतं, कॅन्सरचं होतं. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी चपला आणि मोजे काढायला लावते. काहींना राग येतो. येऊ दे.

आता भाच्याचं म्हणणं. ते निम्मं खरं आहे आणि निम्मं धोक्याचं. ते का, हे कळायला त्वचा आतून कशी असते ते थोडं सांगावं लागेल.

तव्यावर भाकरी फुगली की वरचा पापुद्रा सुटा होतो. त्वचेचं साधारण तसंच: वर पातळ पापुद्रा, खाली जाड, रक्तवाहिन्यांचा भाग. हा पापुद्रा अंगावर बहुतेक ठिकाणी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा असतो, तळव्यावर मात्र एक-दीड मिलिमीटर. त्याच्या तळाशी पेशींची एक ओळ असते. तिथे सतत नवी पेशी जन्मते, वर सरकते, चपटी होते, मरते, आणि महिना-दीड महिन्यात तुम्ही ती वजरीने घासून मोरीत सोडून देता. तळाच्या ओळीतल्या पेशींसारख्या पेशी बेसुमार वाढल्या तर त्या कॅन्सरला बेसल सेल कार्सिनोमा म्हणतात. वरच्या, चपट्या होत जाणाऱ्या पेशींचा तो स्क्वेमस सेल कार्सिनोमा. आणि तळाच्या ओळीत अधूनमधून रंग तयार करणाऱ्या पेशी बसलेल्या असतात, त्यांच्यातून उठतो तो मेलानोमा. आणखीही काही दुर्मिळ प्रकार आहेत, पण तुमच्या घरातल्या तिन्ही प्रश्नांना हे तीन पुरतात.

रंगाच्या पेशी गोऱ्या माणसात कमी आणि आपल्यात जास्त, असं पुष्कळांना वाटतं. त्यांची संख्या जवळपास सारखीच असते. फरक मालात आहे. आपल्या पेशी गडद मेलानिन जास्त बनवतात आणि त्याच्या पुड्या शेजारच्या पेशींना वाटतात. शेजारची पेशी ती पुडी घेऊन काय करते, तर आपल्या केंद्राच्या वरच्या बाजूला, उन्हाकडे तोंड करून, इरल्यासारखी पांघरते. केंद्रात डीएनए असतो. उन्हातले अतिनील किरण त्या डीएनएतली शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटवून टाकतात. पेशीकडे दुरुस्तीची यंत्रणा असते, ती चिकटलेला तुकडा कापून नवा बसवते. पण वर्षानुवर्षं रोज हेच चाललं की कधीतरी दुरुस्ती राहून जाते, चूक पुढच्या पेशीत उतरते, आणि ती चूक जर ‘आता वाढ थांबव’ सांगणाऱ्या जनुकात असली तर कॅन्सरची पायाभरणी होते.

गोऱ्या कातडीवर इरलं विरळ. त्यातून इंग्लंड-आयर्लंडच्या ढगाळ हवेतली माणसं ऑस्ट्रेलियाच्या उन्हात जाऊन राहिली. तिथे दर तिघांतल्या दोघांना सत्तरीच्या आत त्वचेचा कुठला ना कुठला कॅन्सर होतो. १९८१ पासून तिथे सदरा घाला, क्रीम लावा, टोपी घाला हे गाणं टीव्हीवर लावून लोकांना पढवावं लागलं. भाचा ज्या देशात राहतो तिथे त्याचं म्हणणं बरोबरच आहे. आपल्याकडे त्वचेचा कॅन्सर पुष्कळ कमी, हेही बरोबर. पण ‘कमी’ म्हणजे ‘नाही’ नव्हे, आणि आपल्याकडे जो होतो तो पुष्कळदा उन्हाच्या जागी होतच नाही. आपली माणसं डॉक्टरकडे उशिरा पोचतात ती याचमुळे. ऊन लागणारी जागा सगळे बघतात. तळवा, नखाखालची जागा, कमरेचा काच, भाजल्याचा जुना व्रण कोण बघतं?

मेलानोमाचंच घ्या. गोऱ्यांमध्ये तो पाठीवर, पायांच्या नडग्यांवर, उन्हाने करपलेल्या कातडीवर येतो. सावळ्या आणि काळ्या माणसांमध्ये त्याची आवडती जागा म्हणजे तळपाय, तळहात आणि नखाखाली. या प्रकाराला अॅक्रल मेलानोमा म्हणतात आणि उन्हाशी त्याचा संबंध नाही. का होतो, हे पक्कं ठरलेलं नाही. टाच आणि चवडा, म्हणजे पायाच्या ज्या भागावर भार पडतो तिथे तो जास्त सापडतो, त्यामुळे दाब आणि घर्षणाचा काही हात असावा असं काही अभ्यासकांना वाटतं. जन्मभर अनवाणी चालल्याने सासूबाईंना हे झालं, असं मात्र कुणी छातीठोक सांगू शकत नाही. त्यांनाही तसं सांगू नका, उगीच स्वतःला दोष देत बसतील. बॉब मार्ले हा जमैकाचा गायक भाच्याला माहीत असेल. त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७ साली हाच प्रकार निघाला. आधी फुटबॉल खेळताना लागलं असेल असंच वाटलं होतं. १९८१ मध्ये तो गेला तेव्हा ३६ वर्षांचा होता. ‘गोऱ्यांचा आजार’ म्हणणाऱ्याला एवढं उदाहरण पुरे.

तज्ज्ञ सासूबाईंच्या टाचेवर एक छोटी दुर्बीण टेकवतील. डर्मोस्कोप म्हणतात तिला. तुम्ही ऊस लावणारी माणसं, तुम्हाला हे चटकन समजेल. तळव्याची कातडी बारकाईने पाहिली तर ती नांगरून सरी पाडलेल्या रानासारखी दिसते: एक सरी, एक वरंबा, एक सरी, एक वरंबा. साधा, निरुपद्रवी तीळ असेल तर काळा रंग सरीतून पाण्यासारखा जातो. मेलानोमात रंग वरंब्यावर चढतो. जपानी डॉक्टरांनी पुष्कळ तळवे पाहून हे ओळखलं आणि आता जगभर त्यावरून निर्णय होतात. रोग पुढे गेलेला असला की मात्र सरी आणि वरंबा दोन्ही मोडतात आणि सगळं काळं रान होऊन जातं. ब्लेडने तासल्यामुळे कॅन्सर होत नाही, पण ही नक्षी पुसली जाते आणि डॉक्टरचं काम अवघड होतं. म्हणून आता त्या जागेला काहीही लावू नका. चीक नाही, हळद नाही, कॅप नाही.

नखाचंही सांगून ठेवते. आपल्या लोकांच्या नखांवर उभ्या काळपट रेघा असतात, बऱ्याचदा चार-पाच नखांवर, आणि त्या निरुपद्रवी असतात. एकाच नखावर रेघ आली, विशेषतः अंगठ्याच्या, ती रुंद होत गेली आणि काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला, तर मात्र लगेच दाखवायचं. दारात बोट सापडून नख काळं झालं तर तो काळा भाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि शेवटी कापला जातो. रेघ सरकत नाही. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, त्यामुळे सुरुवातीला फोटो काढून ठेवला तर महिन्या-दोन महिन्यांत फरक कळतो.

आता जाऊबाईंच्या आईंची पोटरी. ताई, हा तुमच्या पत्रातला दुसरा महत्त्वाचा प्रश्न आणि तुम्ही तो ‘हेही विचारून टाकते’ म्हणून शेवटी घातलात. त्यांनाही न्या, त्याच गाडीत.

भाजल्याचा जुना व्रण, वर्षानुवर्षं न भरणारी जखम, हाडातून पू येणारं जुनं छिद्र, अशा जागी वीस-तीस, कधी पन्नास वर्षांनीही स्क्वेमस सेल कार्सिनोमा उठतो. मार्जोलिन नावाच्या फ्रेंच सर्जनने १८२८ मध्ये अशा व्रणांचं वर्णन केलं, म्हणून त्याला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. भाजलेली कातडी आखडलेली असते, तिच्यात रक्तपुरवठा तुटपुंजा, ती चालताना ताणते, फुटते, भरते, पुन्हा फुटते. प्रत्येक वेळी भरून यायला पेशींना वाढावं लागतं. वाढ, वाढ, आणि पुन्हा वाढ. त्यात कधीतरी थांबायचं विसरणारी पेशी निघते. जखमेच्या कडा जाड आणि उलटलेल्या होतात, मधे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं मांस वर येतं, कुबट वास येतो, हात लावला की रक्त. यातलं त्यांच्या पोटरीवर काय आहे मला ठाऊक नाही. पण जुना व्रण फुटला आणि चार महिने भरला नाही, एवढं कारण तुकडा तपासायला पुरेसं आहे. या जातीचा कॅन्सर बेसल सेलसारखा जागच्या जागी बसत नाही, जांघेतल्या गाठींपर्यंत जातो. आपल्या देशात त्वचेच्या कॅन्सरमध्ये स्क्वेमस सेल पुष्कळ दिसतो, आणि त्याच्यामागे ऊन असतंच असं नाही.

आपल्याच मुलखातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. तिथले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी आणि त्यांच्या सहकारी डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये एक निबंध छापला: भारतीयांच्या चालीरीतींतून होणारे कॅन्सर. त्यात एक होता धोतराचा. कमरेला धोतर आवळून आवळून नेसायचं, रोज त्याच जागी, उन्हाळ्यात घाम, धूळ, काच पडायचा. आधी काळा पट्टा, मग कातडी जाड, मग रंग उडालेली, मग जखम, आणि काहींच्या बाबतीत कॅन्सर. पुढे परकराच्या नाडीमुळे बायकांमध्येही तेच दिसलं. अगदी २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा दोन म्हाताऱ्या बायकांची हकिगत प्रसिद्ध केली, दोघींच्या कमरेवर न भरणारी जखम होती. म्हणजे ऐंशी वर्षांत नाडी काही सैल झालेली नाही. हा प्रकार फार दुर्मिळ आहे, कमरेला काळा पट्टा असलेल्या हजारो बायकांना काहीही होत नाही, म्हणून घाबरू नका. पण नाडी रुंद घाला, सैल बांधा, रोज जागा थोडी वर-खाली करा. आणि काचाच्या जागी जखम झाली तर बोरोलीन लावून महिने काढू नका.

काश्मीरमध्ये थंडीत फेरनाच्या आत निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरतात. मांड्यांवर आणि ओटीपोटावर त्या धगीने जाळीसारखे डाग उठतात आणि पुढे काहींना तिथेच कॅन्सर होतो. एल्मस्ली या मिशनरी डॉक्टरने १८६६ मध्येच हे लिहून ठेवलं होतं. पश्चिम बंगालमध्ये कूपनलिकांच्या पाण्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक, उतरतो, तिथे तळहात-तळपायांवर खडे उठतात आणि अंगावर पावसाचे थेंब पडल्यासारखे ठिपके येतात. त्यातूनही त्वचेचा कॅन्सर होतो. आपल्याकडे तसं पाणी नाही, पण दमा, इसब, सोरायसिसवर कुणी बिनलेबलच्या पुड्या वर्षानुवर्षं देत असेल तर त्यात सोमल असू शकतो हे ध्यानात ठेवा. मूत्रपिंड बदललेले रुग्ण, ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम कमी ठेवलेली असते, त्यांनाही हा धोका जास्त. आणि उन्हाचा खरा धोका आपल्यात कुणाला असेल तर ज्यांच्या अंगात जन्मतः रंगच बनत नाही अशांना, पांढरे केस आणि गुलाबी कातडी घेऊन जन्मलेल्या मुलांना. त्यांच्यापाशी ते इरलंच नसतं. डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणाच जन्मतः मोडकी असणारा एक आजारही आहे. त्यातल्या मुलांच्या चेहऱ्यावर दोन-तीन वर्षांच्या वयात तिळांची रास येते, आणि नात्यातल्या लग्नांमध्ये तो जास्त दिसतो. अशा मुलाला ‘बारीक वांग आहेत’ म्हणून सोडू नये.

तुमच्या गालावरच्या तिळाला मी शेवटी ठेवलं, कारण त्याची काळजी सगळ्यात कमी. लहानपणापासून असलेला, केस आलेला, आकार-रंग न बदललेला तीळ बहुधा साधाच असतो. तिळाकडे कसं बघायचं तेवढं सांगते. मधून रेघ मारली तर दोन अर्धी सारखी दिसतात का, कड शिंपल्यासारखी गुळगुळीत आहे की किनाऱ्यासारखी वेडीवाकडी, रंग एकच आहे की काळा-तपकिरी-निळसर असं मिश्रण, पेन्सिलीच्या मागच्या टोकाला असतो त्या खोडरबरापेक्षा मोठा आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, गेल्या काही महिन्यांत बदलतोय का. तुमचा बदलत नसेल तर राहू द्या. दिसायला नको म्हणून काढायचा असेल तर खुशाल काढा, मात्र पार्लरमध्ये नाही आणि चुना-सोडा लावून तर मुळीच नाही. डॉक्टरकडून काढा आणि काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा. जाळून टाकलेल्या तिळाचं निदान कुणालाच करता येत नाही.

चेहऱ्यावरच बघायचं असेल तर बेसल सेल कार्सिनोमा बघा. तिन्हींत हा सगळ्यात संथ, आणि ऊन हेच त्याचं मोठं कारण. नाकाच्या कडेला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी, वरच्या ओठावर. गोऱ्यांमध्ये तो मोत्यासारखा चमकदार गुलाबी दाणा असतो. भाच्याच्या सहकाऱ्याच्या नाकावर तसाच काही असणार. आपल्यात मात्र तो बहुधा काळा असतो, त्यामुळे म्हातारपणी उठलेला तीळ समजून लोक वर्षानुवर्षं घेऊन फिरतात. आरशासमोर उजेडात कातडी जरा ताणून धरली तर कडेला मण्यांची माळ ओवल्यासारखी चमक दिसते. मधे खपली धरते, पडते, पुन्हा धरते. अंगभर पसरणं त्याच्या स्वभावात जवळपास नाही, पण जागच्या जागी कुरतडत राहतो. जुन्या डॉक्टरांनी त्याला उंदराने खाल्लेला व्रण असं नाव दिलं होतं. वेळेत काढला तर जागा बधिर करून तासाभरात सुट्टी. डोळ्याच्या कोपऱ्यात दहा वर्षं ठेवला तर डोळा वाचवण्याची वेळ येते.

आता कुणी सनस्क्रीनचं विचारेल. लावा की. वांग आणि काळवंडणं कमी होईल, गाल सुखावतील. पण तुमच्या घरातल्या ज्या दोन जागांची मला काळजी आहे, त्या दोन्हींना त्या ट्यूबचा काडीचा उपयोग नाही.

राहिला तुकडा काढण्याचा प्रश्न. सुरी लागली की कॅन्सर खवळतो, हे मी रोज ऐकते. शिकलेल्यांकडूनही. समज येते कुठून ते सांगते. माणूस दीड-दोन वर्षं घरी थांबतो, तुकडा काढला जातो तेव्हा रोग आधीच आत गेलेला असतो, तो पुढे दोन-तीन महिन्यांत दिसायला लागतो, आणि बोट सुरीकडे जातं. तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. न काढल्याने मात्र वाढत राहतो. तरी तुकडा कसा काढतात याला अर्थ आहे, म्हणून डॉक्टरांना हे एकच विचारा: “पूर्ण खोलीपर्यंतचा तुकडा घेणार ना?” डाग लहान असेल तर तो कडेसकट पूर्ण काढून तपासणं उत्तम. रुपयाएवढा असेल तर जिथे जास्त काळा किंवा उंच आहे तिथला खोल तुकडा घेतात. वरवर खरवडलेला तुकडा नको. कारण मेलानोमा निघाला तर पुढचं बरंचसं एका आकड्यावर ठरतं: तो किती मिलिमीटर खोल गेलाय. ब्रेस्लो या डॉक्टरने १९७० मध्ये हे मोजमाप दाखवून दिलं, रिपोर्टवर त्याच्याच नावाने आकडा येतो. एक मिलिमीटरच्या आत असेल तर आजूबाजूची एक सेंटिमीटर कातडी घेऊन काढतात आणि बहुतेक माणसं त्यातून पूर्ण बरी होतात. जसजसा आकडा वाढतो तसतशी कातडी जास्त काढावी लागते, रोग आधी जिथे पोचतो ती जांघेतली पहिली गाठ तपासावी लागते, पुढे प्रतिकारशक्तीला जागं करणारी औषधं लागू शकतात. पाय कापावा लागेल का, हा प्रश्न सासूबाई पहिल्यांदा विचारतील. टाचेवरच्या डागासाठी बहुतेक वेळा तेवढाच भाग काढून मांडीची कातडी किंवा पायाचाच मांसल तुकडा तिथे बसवतात.

खर्चाचं: रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. कॅन्सरवरचे उपचार महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत येतात. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ असा फलक लावलेला टेबल असतो, तिथे आधी चौकशी करा. पैसे भरून झाल्यावर नव्हे.

सासूबाईंना सांगायचं की नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला माहीत आहे की घरात त्यावर कुजबुज चाललेली असणार. सांगा. पाय त्यांचा आहे. ‘कुरूप तपासायला जातोय’ म्हणून नेलं आणि तिथे वॉर्डबॉयच्या तोंडून कॅन्सर शब्द ऐकला, तर त्या तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाहीत. ‘डाग बरा दिसत नाही, तुकडा काढून बघायचाय, काय निघेल ते तुम्हाला पण दाखवू’ एवढं पुरतं. रानात पन्नास वर्षं काढलेल्या बाईला तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त पेलतं.

जायच्या आदल्या दिवशी पाय साबणाने धुवा, बस. मेंदी, आळता, तेल काही नको, दुर्बिणीखाली खरा रंग कळत नाही. दुसरा पाय, दोन्ही तळहात, वीसही नखं उजेडात एकदा तुम्ही बघून घ्या आणि जांघेत बोटांनी चाचपून गाठ लागते का ते डॉक्टरांना सांगा. मिस्टरांना गाडी चालवायला सोबत घ्या. डॉक्टर दुर्बीण टेकवतील तेव्हा त्यांनाही त्यातून एकदा बघू द्या. आणि रिपोर्ट आला की आकड्यासकट मला कळवा.